परदेशातल्या सुरक्षा परिषदेला जाताना साइटवरचा एक प्रश्न सोबत न्या

वडाळ्याच्या एका टॉवरच्या साइटवर काम करणाऱ्या तरुण सेफ्टी ऑफिसरने विचारलं आहे: कंपनी मला युरोपातल्या आंतरराष्ट्रीय कामगार सुरक्षा व आरोग्य परिषदेला पाठवते आहे. परदेशी जायची पहिलीच वेळ. तयारी काय करू? पेपर पाठवू का? माझं इंग्रजी बेताचं आहे, तिथे निभाव लागेल का? आणि एक गोष्ट सारखी सलते. खर्च चार लाखांच्या घरात आहे. तेवढे पैसे साइटवर घातले तर जास्त बरं नाही का?

शेवटचा प्रश्न तुम्ही संकोचत विचारलाय. मी त्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्याच्यावर अवलंबून आहेत.

उद्या सकाळी काम सुरू व्हायच्या आधी टॉवर वरपासून खालपर्यंत चाला. प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या डक्टला कठडा आहे का? स्लॅबच्या कडेला आहे का? फरशीतल्या भोकांवर टाकलेलं प्लायवूड खिळ्यांनी ठोकलेलं आहे की नुसतंच ठेवलेलं? त्यावर ‘खाली भोक आहे’ असं लिहिलंय का? यातलं एक जरी राहिलं असेल, तर साहेबांना सांगा की आधी हे पुरं करू, तिकीट नंतर काढू. उघडी डक्ट मागे ठेवून विमानात बसायचं नाही. हे सगळं जागेवर असेल तर मात्र बिनघोर जा. कठडे आणि जाळ्या विकत मिळतात. पण आपण रोज जिथे अडतो तिथेच अडलेला, आणि त्यातून वाट काढलेला दुसऱ्या देशातला माणूस समोरासमोर भेटणं, हे मुंबईत बसून होत नाही.

मी या कामात तीस वर्षं काढली. आधी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत होते, नंतर उंच इमारतींच्या बांधकामांवर. परदेशातल्या अशा दोन मोठ्या परिषदांना गेले. पहिली वाया घालवली, दुसरीतून काहीतरी हाताला लागलं. दोन्ही सांगते.

पहिली २०१४ ची, फ्रँकफर्टची. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि आंतरराष्ट्रीय सामाजिक सुरक्षा संघटना मिळून दर तीन वर्षांनी जागतिक परिषद भरवतात, तिचं ते विसावं अधिवेशन होतं. पहिलं रोमला १९५५ साली झालं, आणि १९९३ साली ही परिषद आपल्याकडे नवी दिल्लीत भरली होती. माझे पहिले वरिष्ठ तिला गेले होते आणि त्या तीन-चार दिवसांबद्दल वर्षानुवर्षं बोलायचे. त्यामुळे फ्रँकफर्टला मी भारावूनच पोचले. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत एका सभागृहातून दुसऱ्यात पळायचं, पडद्यावरच्या प्रत्येक स्लाइडचा फोटो काढायचा, रात्री हॉटेलवर ते फोटो लावून ठेवायचे, असं चाललं होतं. मुंबईत परतल्यावर सत्तर स्लाइडचं सादरीकरण केलं. एसी कॉन्फरन्स रूममध्ये वीस इंजिनिअर बसले होते. टाळ्या झाल्या, चहा-सामोसे झाले.

तीन आठवड्यांनी आमच्या साइटवर एक सुतार नवव्या मजल्यावरच्या भोकातून आठव्यावर पडला. भोकावर प्लाय होतं, पण ठोकलेलं नव्हतं. तो प्लाय त्याने उचलला. दोन्ही हातांनी पुढे धरल्यामुळे पायाखालचं दिसेना, आणि पुढचं पाऊल त्याच भोकात पडलं. कंबरेचं हाड मोडलं, पण वाचला. भोकांवरची झाकणं कशी असावीत, ती ठोकलेली आणि वेगळ्या रंगाने रंगवलेली का असावीत, हे माझ्या एक्केचाळिसाव्या स्लाइडवर होतं. ती स्लाइड त्या सुताराने पाहिली नव्हती, त्याच्या मुकादमाने पाहिली नव्हती. ज्या वीस जणांनी पाहिली, त्यांच्यातला कुणी त्या दिवशी नवव्या मजल्यावर नव्हता.

त्यानंतर २०१७ मध्ये सिंगापूरच्या परिषदेला जायची वेळ आली तेव्हा मी उलट टोकाने सुरुवात केली. जायच्या महिनाभर आधी साइटवरच्या अकरा जणांना विचारलं: मी जगभरच्या सेफ्टीवाल्यांना भेटणार आहे, त्यांना तुमच्या वतीने काय विचारू? शटरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओतायचे साचे उभारणारे सुतार, सळया वाकवणारे बार बेंडर, दोन मुकादम, क्रेन ऑपरेटर आणि काँक्रीट ओतणाऱ्या टोळीतल्या दोघी जणी. पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न येऊ लागले. क्रेनवाल्याने विचारलं, वरच्या केबिनमध्ये लघवीची सोय तिकडे कशी करतात. एका बाईने विचारलं, उंचावर काम करताना घालायचा सेफ्टी बेल्ट बायकांच्या मापाचा कुठे मिळतो, कारण आमच्याकडचा बेल्ट तिच्या मांड्यांवरून निसटायचा. आणि लातूरकडच्या एका बार बेंडरने विचारलं, ‘मॅडम, तिकडे धोका बघून कुणी काम थांबवलं, तर त्याचा खाडा धरतात का?’

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. ‘धोका दिसला तर काम थांबवा’ असे फलक मी स्वतः लावले होते, हिंदीत, मराठीत आणि बंगालीत. थांबवणाऱ्याच्या त्या दिवसाच्या हजेरीचं काय, हे मात्र कुठल्याच फलकावर नव्हतं.

तर तुमच्या तयारीतलं पहिलं काम हेच. साइटवरून एक प्रश्न घ्या, फार तर दोन. मराठीत किंवा हिंदीत, विचारणाऱ्याच्याच शब्दांत वहीत लिहा. मग परिषदेची कार्यक्रमपत्रिका उघडा आणि तेवढ्याच बैठकांवर खूण करा जिथे या प्रश्नाचं उत्तर माहीत असलेला माणूस असण्याची शक्यता आहे. बाकीच्या बैठका सोडताना जिवावर येतं, मला माहीत आहे. सोडा. उद्घाटनाच्या आणि समारोपाच्या मोठ्या भाषणांना बसा, त्यातून जगाचा रोख कळतो. उदाहरणार्थ, सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा हक्क श्रम संघटनेने जून २०२२ मध्ये मूलभूत तत्त्वांत समाविष्ट केला आणि कामाच्या सुरक्षेबद्दलचे १५५ व १८७ क्रमांकाचे करार त्या पंक्तीला बसवले. हे माहीत असायला हवं, पण ते घरी बसूनही वाचता येतं. परिषदेत जायचं ते माणसांसाठी.

सिंगापूरला मी तो खाड्याचा प्रश्न चार दिवसांत वीसेक जणांना विचारला. भाषण संपल्यावर गर्दी ओसरेपर्यंत थांबायचं आणि वक्त्याला गाठायचं. चहाच्या रांगेत पुढच्या माणसाला विचारायचं. नॉर्वेच्या एका बाईंनी सांगितलं की त्यांच्याकडे कामगारांनी निवडलेला सुरक्षा प्रतिनिधी असतो आणि जिवाला तातडीचा धोका दिसला तर काम थांबवायचा अधिकार त्याला कायद्यानेच दिलेला आहे. थांबवल्यामुळे कंपनीचं नुकसान झालं तरी त्याची भरपाई त्याच्याकडून मागता येत नाही. दुसऱ्या एकाने १५५ व्या कराराचं तेरावं कलम दाखवलं: गंभीर धोक्याची रास्त शंका येऊन जो कामगार जागा सोडतो, त्याला त्याचे वाईट परिणाम भोगावे लागू नयेत. आणि मला आपलाच कायदा आठवला. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात ४१-एच हे कलम आलं. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला धोका नजरेस आणून देण्याचा हक्क त्यात होता आणि लगेच उपाय करणं मालकावर बंधनकारक होतं. आमच्यासारख्या बांधकामाच्या साइटला ते कलम लागू नव्हतं. पण कल्पना आपल्या घरात होती, आणि ती मला सिंगापूरला जाऊन आठवली.

आता तुमच्या इंग्रजीबद्दल. अशा ठिकाणी निम्म्याहून अधिक माणसांची मातृभाषा इंग्रजी नसते. कोरियन, ब्राझिलियन, तुर्की, जर्मन सगळे छोटी वाक्यं बोलतात आणि एकमेकांना समजून घेतात. अडखळणाऱ्याला तिथे कुणी कमी लेखत नाही. तुमच्या प्रश्नाचं चार ओळींचं इंग्रजी आधी लिहून पाठ करा आणि मोबाइलमध्ये साइटचे तीन फोटो ठेवा: अडचणीची जागा, ती दुसऱ्या बाजूने, आणि तिथे चाललेलं काम. फोटो दाखवला की अर्धं बोलणं होऊन जातं. फोटोतल्या माणसाची परवानगी घ्या आणि चेहरा दिसू देऊ नका. तो माणूस उद्या दुसऱ्या ठेकेदाराकडे काम मागायला जाणार असतो.

फोटोचा फायदा मला फ्रँकफर्टलाच एकदा झाला होता, आणि त्या सगळ्या धावपळीत तेवढंच खरं शिकणं पदरात पडलं. स्लॅबच्या कडेला काम करणाऱ्या आमच्या माणसाचा फोटो एका जर्मन परांचीवाल्याला दाखवला आणि विचारलं की आमची माणसं बेल्ट घालतात पण हुक अडकवत नाहीत, काय करू? त्याने फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, ‘अडकवणार कशाला?’ मी पायाजवळची बाहेर आलेली सळई दाखवली. त्याने कागद घेतला आणि बेरीज मांडली. दोरी २ मीटर. झटका शोषणारा तुकडा फाटत उघडला की जास्तीत जास्त पावणेदोन मीटर. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर. शिवाय एक मीटर राखीव. म्हणजे हुकाच्या खाली सव्वासहा मीटर मोकळी जागा हवी. मुंबईच्या टॉवरमध्ये दोन स्लॅबांमधलं अंतर साधारण तीन मीटर. खालच्या मजल्याचं शटरिंग बाहेर आलेलं असेल किंवा आपण पोडियमच्या, म्हणजे टॉवरखालच्या रुंद मजल्यांच्या, वरच्या पहिल्याच मजल्यावर असू, तर पायाजवळ हुक अडकवलेला माणूस बेल्टसकट आपटणार. हुक न अडकवणारा माणूस बेफिकीर आहे असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. अडकवायला धड जागाच नव्हती.

जर्मनीत ते लोक उपायांचा क्रम तीन अक्षरांत सांगतात, टी-ओ-पी: आधी तांत्रिक उपाय, मग कामाची आखणी, आणि सगळ्यात शेवटी अंगावर घालायची साधनं. आधी कठडा, तो शक्यच नसेल तर डोक्याच्या वर अँकर, म्हणजे हुक अडकवायची पक्की जागा, किंवा कडेपर्यंत पोचूच देणार नाही अशी आखूड दोरी, आणि पडणाऱ्याला झेलणारा बेल्ट सर्वांत शेवटी. तो अँकरही स्लॅब ओतायच्या आधी ड्रॉइंगमध्येच हवा. परत आल्यावर मी आर्किटेक्टच्या बैठकीत बसायला लागले ती यामुळे. त्याआधी सेफ्टीवाल्यांना त्या बैठकीला बोलावण्याची पद्धत नव्हती. आम्हीही कधी मागितलं नव्हतं.

पेपर पाठवावा का? पहिल्यांदा जाताय तर पोस्टर पाठवा, म्हणजे आपलं काम एका मोठ्या कागदावर मांडून तिथे लावायचं. भाषणाला दहा-बारा मिनिटं मिळतात आणि प्रश्नांना दोन. पोस्टरपाशी तासभर उभं राहायचं असतं, आणि ज्यांना खरंच रस आहे तेच थांबतात. विषय छोटा घ्या. वडाळ्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत थोडक्यात टळलेले अपघात तुम्ही नोंदवले असतीलच. त्यातले किती ओल्या शटरिंगवरचे, किती वाऱ्यामुळे, किती रात्रपाळीतले, एवढं एका तक्त्यात मांडा. जूनमधल्या मुंबईच्या पावसात तीसाव्या मजल्यावर काम कसं चालतं, हे त्या सभागृहात तुमच्याइतकं क्वचितच कुणाला माहीत असेल. गोषवारा पाठवायची मुदत परिषदेच्या बरीच आधी संपते, तेव्हा आजच संकेतस्थळ बघा.

आकड्यांबाबत एक इशारा, कारण यात मी अनुभवी माणसांनाही फसताना पाहिलंय. कुणी पडद्यावर अपघातांचा दर ०.४ दाखवला आणि तुमचा १.५ आहे, म्हणून लगेच खाली मान घालू नका. अमेरिकी पद्धतीत दर कामाच्या २ लाख तासांमागे काढतात. आपल्या भारतीय मानक ३७८६ मध्ये तो १० लाख तासांमागे आहे. त्यांचा ०.४ आपल्या मापाने २ होतो. शिवाय त्यांनी कुठल्या जखमा मोजल्या आणि ठेकेदाराची माणसं धरली का, हे नम्रपणे विचारा. मृत्यूचे आकडे त्यामानाने लपवता येत नाहीत, म्हणून देशांची तुलना त्यांवर करावी. सिंगापूरचा दर २००४ मध्ये लाख कामगारांमागे ४.९ होता, २०२३ मध्ये तो ०.९९ वर आला. त्या वीस वर्षांची सुरुवात एका दुर्घटनेने झाली होती. २० एप्रिल २००४ ला निकोल हायवेजवळ मेट्रोच्या बोगद्यासाठी खोदलेला भाग कोसळला आणि चार माणसं गेली. त्यानंतर २००६ चा कायदा आला. धोका जो निर्माण करतो त्यानेच तो आटोक्यात आणायचा, हे त्याचं मुख्य सूत्र. आपल्या शहरातही जमिनीखाली आणि वर एवढी खोदाई चाललेली असताना ही वीस वर्षं नीट अभ्यासण्यासारखी आहेत.

प्रदर्शनाच्या दालनात एकच दिवस द्या. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला दर दोन वर्षांनी ‘ए प्लस ए’ भरतं. तिथली दालनं इतकी मोठी आहेत की ठरवून न गेल्यास पाय दुखतात आणि हाती फक्त कॅटलॉग लागतात. वस्तू हातात घ्या, अंगात घालून बघा, कोणत्या मानकाची आहे ते विचारा. हेल्मेटचंच घ्या. युरोपातलं साधं औद्योगिक हेल्मेट ईएन ३९७ या युरोपीय मानकाचं. त्या मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत हनुवटीची पट्टी १५० ते २५० न्यूटन जोराला सुटावी अशी रचना होती, कुठे अडकून गळफास बसू नये म्हणून. गिर्यारोहणाचं ईएन १२४९२ चं हेल्मेट ५०० न्यूटनपर्यंत सुटत नाही, पडताना डोक्यावरच राहतं. उंचावरच्या माणसाला कोणतं द्यायचं, हे यातून ठरवता येतं. बायकांच्या मापाचे बेल्ट मी पहिल्यांदा अशाच एका दालनात पाहिले आणि त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन आले. अशी साधनं मोजकीच, निवडून मागवावी लागतात. आपल्याकडच्या मानकात ती बसतात का, हे आधी तपासा.

साइट भेटींची नावनोंदणी पहिल्याच दिवशी करा, जागा थोड्या असतात. नाहीच मिळाली तर सकाळी लवकर उठून शहरातल्या एखाद्या चालू बांधकामाच्या फाटकाबाहेर उभे राहा. माणसं आत कशी जातात, कपडे कुठे बदलतात, पाणी आणि संडास कुठे आहेत, क्रेनखालून रस्ता कसा वळवलाय, हे सगळं कुंपणाबाहेरून दिसतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मुंबईत भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून आयोजकांचं निमंत्रणपत्र हातात येताच वेळ घ्या. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवासविमा लागतो. तीन पिनांचा आपला प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर न्या. चिवडा आणि दशम्या मी नेहमी नेते, दुपारच्या रांगेतला अर्धा तास वाचतो. आणि जायच्या आधी एक दिवस सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत घालवा. पदविका झाल्यावर आपल्यातले बरेच जण तिथे पुन्हा पाऊल टाकत नाहीत. तिथलं प्रदर्शन आणि ग्रंथालय पाहिलं, की परदेशात काय नवीन आहे आणि काय आपल्याकडे आधीपासून आहे हे ओळखता येतं.

परतल्यावर साहेब सादरीकरण मागतील. ते द्या, पण दहा स्लाइडमध्ये. त्याच्या आधी, उतरल्याच्या दुसऱ्या सकाळी, टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधी सुरक्षेवर होणाऱ्या छोट्या बोलण्यात, ज्याने प्रश्न विचारला त्याला सगळ्यांसमोर उत्तर द्या. आपला प्रश्न परदेशात जाऊन आला हे माणसांनी पाहिलं, की पुढचे प्रश्न आपोआप येतात.

मी मात्र चुकले. सिंगापूरहून आले तोवर आमच्या साइटवरचं स्टीलचं काम संपलं होतं आणि तो बार बेंडर टोळीबरोबर घोडबंदर रोडच्या दुसऱ्या साइटवर गेला होता. मुकादमाकडून नंबर घेऊन फोन केला. नॉर्वेचं सांगितलं, कराराचं कलम सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘मॅडम, हे बरं झालं. पण हे आमच्या ठेकेदाराला सांगा ना.’

ठेकेदाराला नुसतं सांगून भागणार नव्हतं, ते लिहून घ्यावं लागणार होतं. पुढच्या ठेक्याच्या मसुद्यात आम्ही एक कलम घातलं: सुरक्षेच्या कारणावरून काम थांबलं तर त्या टोळीची हजेरी पूर्ण धरायची आणि तो वेळ कामाच्या मुदतीत मोजायचा नाही. खरेदी विभागाशी दोन महिने वाद झाला. कलम राहिलं. पहिल्याच महिन्यात काम थांबवण्याच्या नोंदी वाढल्या आणि प्रोजेक्ट मॅनेजर हादरले. मी त्यांना एकेक नोंद घेऊन त्या-त्या मजल्यावर नेलं. चौदा नोंदींपैकी अकरा ठिकाणी माणसांचं बरोबर होतं.

त्या कलमाची भाषा तुम्हाला हवी असेल तर खुशाल घ्या. तुमच्या ठेक्यात ती घालायला मात्र परिषदेची वाट बघू नका.